एक सिंगल मुंबई: पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्यांसाठी

आमच्या सोलापुरात हॉटेलात एकटं जेवायला बसलं ना की वाढणारा पोऱ्या दोनदा येऊन विचारतो, अजून कोण येणारेत का, आणि बाई असली तर तीनदा. मुंबईत हा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही कुणी विचारला नाहीये. वर्षातून दोनदा जाते मी, ना कुणाचं लग्न ना कसलं काम, नुसती हिंडायला, आणि माझ्या आत्याला अजूनही वाटतं की ही मुंबईला गुपचूप इंटरव्ह्यू देऊन येते.

पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरलेलेच होते, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवसांत लक्षात आलं की ह्या शहराचं मापच एका माणसाचं आहे. लोकलमधली चौथी सीट, शेअर टॅक्सीत ड्रायव्हरशेजारची जागा, इराणी हॉटेलातल्या टेबलाची उरलेली खुर्ची, नाटकाच्या चौथ्या रांगेत मधेच राहिलेलं एक तिकीट, हे सगळं एकट्या माणसाला पटकन मिळतं, चौघं गेलात की बसा चार जागांची वाट बघत. खाली जे लिहिलंय ते ही एक जागा कशी पटकवायची त्याबद्दलच आहे. मुंबईकरांनी वाचून हसू नये, हे बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे.

आधी वार बघा, मग तिकीट काढा

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आमचे सोलापूरचे ४२-४३ डिग्री पचवलेले लोक मुंबईच्या ३४ ला हात टेकतात, कारण तिथला घाम वाळतच नाही. पावसाळ्यात जायची हौस असेल तर जा, मरीन ड्राइव्हला लाटा बघायला मजा येते, पण भरतीची वेळ बघून जा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी धो धो पाऊस असं जमलं की हिंदमाता, शीव, कुर्ला ही पाणी तुंबणाऱ्या भागांची नावं बातम्यांत दिसायला लागतात आणि तुम्ही जिथं असाल तिथंच राहता.

वाराचं गणित जास्त महत्त्वाचं. सोमवारी एलिफंटा म्हणजे घारापुरीची लेणी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क पण बंद म्हणजे कान्हेरी लेणी गेली. बुधवारी भायखळ्याची राणीबाग बंद आणि तिथलंच भाऊ दाजी लाड म्युझियम पण बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी चारपर्यंत कुठल्या तरी लाइनवर गाड्या कमी किंवा भलत्याच ट्रॅकवरून, नवख्या माणसाला वेडच लागेल. माझा ठरलेला हिशोब असा: गुरुवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस, शुक्रवार-शनिवार मुंबई, शनिवारी रात्री परत सिद्धेश्वर आणि रविवारी घरी झोप. एकच रात्र राहायचा खर्च. तुम्ही नागपूर, नांदेड, इंदोर, बडोदा कुठूनही या, रात्रीची गाडी पकडली की असंच जमतं.

राहायचं कुठं

दोनच भाग लक्षात ठेवा, एक फोर्ट-सीएसएमटी (पूर्वीचं व्हीटी, मग सीएसटी) आणि दुसरा दादर. लांब कुठं तरी स्वस्त रूम मिळते म्हणून भाईंदरला राहिलात की वाचलेले पैसे आणि अर्धा दिवस दोन्ही लोकलमध्ये जातात. डॉर्मिटरी असते, हॉस्टेल असतात, मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ पासून ते कप्प्यांचं पॉड हॉटेल पण आहे, एक माणूस मावेल एवढाच कप्पा, बघा मी म्हटलं ना माप. रेल्वेचं तिकीट कन्फर्म असेल तर स्टेशनच्या रिटायरिंग रूम-डॉर्मिटरीत पण ऑनलाइन बुकिंग होतं, मिळालं तर सोनं.

एक अनुभव सांगते. माझ्या दुसऱ्याच ट्रिपला एका लॉजवर सकाळी सात वाजता बॅग घेऊन उभी, ऑनलाइन बुकिंग केलेलं, पैसे भरलेले, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही. कारण काय तर पॉलिसी. माझ्या एका मित्राला दुसरीकडे असंच एकटा जेन्ट्स म्हणून नाकारलं, म्हणजे बायकांनाच होतं असं पण नाही. भांडून उपयोग झाला नाही, पैसे परत यायला बारा दिवस लागले. तेव्हापासून मी बुकिंग केल्यावर लॉजला स्वतः फोन करते आणि सरळ विचारते: एकटी येणार आहे, आधार कार्ड महाराष्ट्राचं आहे, सकाळी सातला येणार आहे, चालेल ना? तिन्हीचं हो आलं तरच जायचं. आणि फोनवर जो हो म्हणाला त्याचं नाव लिहून घ्यायचं, काउंटरवर ते नाव घेतलं की आवाज बदलतो.

रूम दुपारी बाराला मिळणार असेल तर बॅग स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. सोलापुरातून निघतानाच छोटं कुलूप टाका, स्टेशनबाहेर तेच दुप्पट भावाला मिळतं.

लोकल, शांतपणे

इथं थोडा वेळ काढते कारण सगळी भीती इथंच असते.

तीन मुख्य लाइन: वेस्टर्न (चर्चगेटहून विरारकडे), सेंट्रल (सीएसएमटीहून ठाणे, कल्याण आणि पुढं कर्जत-कसारा) आणि हार्बर (सीएसएमटीहून पनवेलकडे, एक फाटा गोरेगावकडे). वेस्टर्न आणि सेंट्रल दादरला भेटतात. पूर्वी दादरला दोन-दोन एक नंबर प्लॅटफॉर्म होते आणि नवखा माणूस हमखास चुकायचा, डिसेंबर २०२३ पासून सलग नंबर केलेत, १ ते ७ वेस्टर्न आणि ८ ते १४ सेंट्रल. हे एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर असतो. त्यावर गाडी कुठं जाणार, किती वाजता, किती डब्यांची आणि S किंवा F, म्हणजे स्लो की फास्ट. स्लो सगळीकडे थांबते. फास्ट मधली स्टेशनं गाळते. आता माझी फजिती ऐका. मला माटुंग्याला जायचं होतं, सीएसएमटीला समोर उभी असलेली गाडी बरीच रिकामी दिसली, चढले, खिडकी मिळाली, मी खुश. दादर गेलं, म्हटलं आता माटुंगा. तर माटुंग्याचा प्लॅटफॉर्म आला आणि भुर्रकन मागं गेला, माणसं सुद्धा दिसली नाहीत नीट. मी उभीच राहिले दारापाशी, तोंड पडलेलं असणार, समोर बसून मटार सोलणाऱ्या मावशी वर न बघताच म्हणाल्या, "स्लो पकडायची होतीस ना? बस आता. कुर्ल्याला उतर, समोरून सीएसटी स्लो घे." बरं पुढं अजून एक गंमत म्हणजे माटुंगा सेंट्रलवर आणि माटुंगा रोड वेस्टर्नवर, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. तेव्हा नुसतं माटुंगा असं कुणाला विचारू नका, कुठल्या लाइनचं ते पण सांगा. तसंच ईस्ट-वेस्ट. मुंबईत बऱ्याच पत्त्यांत पूर्व की पश्चिम असतं, चुकीच्या बाजूला उतरलात की पूल चढून-उतरून पायांचे तुकडे.

अजून एक चूक टाळा: दादर किंवा अंधेरीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका, आणि कुर्ला-घाटकोपरसाठी कसारा-कर्जत पकडू नका. तिकीट चालतं, थांबते पण, पण लांब जाणारे लोक दार अडवून उभे असतात आणि त्यांचं पण बरोबर आहे, त्यांना दीड-दोन तास जायचंय आणि तुम्ही मधेच उतरायला ढकलाढकली करणार. त्याच दिशेच्या जवळच्या गाड्या असतात, बोरिवली, ठाणे, त्या घ्या.

वेळ. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे. तुम्ही टुरिस्ट आहात, उलटं जा. फोर्टात राहिलात तर सकाळी दादरकडे जाणारी गाडी बऱ्यापैकी मोकळी मिळते, हा पण फोर्टात राहायचा फायदा.

तिकीट सेकंड क्लासचं पाच रुपयांपासून आहे, एवढ्या पैशात आमच्याकडे रिक्षावाला हॉर्न पण वाजवत नाही. खिडकीवर "सिंगल की रिटर्न?" विचारतात, एकट्याने हिंडताना सिंगलच घ्या, कारण जिथं गेलात तिथूनच परत याल असं काही नसतं. एक, तीन, पाच दिवसांचं टूरिस्ट तिकीट पण मिळतं, खूप चढउतार करणार असाल तर ते मागा. रेल्वेच्या ॲपवरून काढणार असाल तर स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा, आत शिरून काढायला गेलं की अडतं. आणि डब्यावर तिरक्या पट्ट्या दिसल्या की तो फर्स्ट क्लास, चुकून चढलात आणि टीसी आला तर २५० रुपये दंड आणि वर भाडं. माझ्या भाच्याने भरलेत.

बायकांसाठी: लेडीज डब्यावर बाईचं चित्र असतं, प्लॅटफॉर्मवर तो कुठं येतो हे बायकांचा घोळका बघून कळतंच. आत गेल्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे?" एवढंच. ती म्हणाली "कुर्ला" की कुर्ल्याला ती उतरल्यावर ती जागा तुमची, मधे कुणी आलं तर ती स्वतःच सांगते हिने विचारलंय म्हणून. न लिहिलेलं रिझर्व्हेशन आहे ते. पहिल्यांदा मी हे विचारायला लाजले आणि ठाण्यापर्यंत उभी गेले. चौथी सीट म्हणजे तीन जणींच्या बाकावर कडेला अर्धं बूड टेकायची जागा, ती मागायची लाज वाटू देऊ नका, सगळे मागतात. रात्री उशिरा लेडीज डबा रिकामा वाटला तर पोलीस असतो त्या डब्यात चढा, किंवा सरळ गर्दीच्या जनरलमध्ये.

मोबाईल हातात घेऊन दारात उभं राहू नका. रुळाशेजारी उभं राहून काठीने हातावर फटका मारतात आणि खाली पडलेला फोन उचलून पसार होतात. फोटो काढायचे तर खिडकीतून, गजाच्या आतून. सॅक पुढं लावा. अडचण आलीच तर रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२, बाकी सगळीकडे ११२.

लोकल नकोच वाटत असेल तर आता भुयारी मेट्रो आहे, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाली, १० ते ७० रुपये तिकीट, एसी, आणि एअरपोर्ट, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक सगळं तिच्यावर. विमानाने येणाऱ्यांनी तर तीच घ्यावी. पण तिच्यातून मुंबई दिसत नाही, नुसता बोगदा दिसतो, म्हणून मी दमल्यावरच घेते. बेस्टच्या बसला दहा-बारा रुपयांपासून तिकीट. टॅक्सी मीटरने, फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी ३१ रुपये, रिक्षा २६, पण माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नसते, फोर्टात रिक्षा शोधत उभं राहिलात की लोकांना कळतं हे बाहेरचे.

पहिला दिवस: सीएसएमटीपासून समुद्रापर्यंत पायी

गाडीतून उतरलात की लगेच बाहेर पळू नका. स्टेशनच्या बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या इमारतीसमोर उभं राहा आणि मग मागं वळून बघा. स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टने बांधलेलं हे, १८८७-८८ च्या सुमाराला पूर्ण झालं, आणि पालिकेची इमारत पण त्याचीच. सकाळी सातला भिंतीवरचे ते दगडी प्राणी बघायला जो उजेड असतो तो नंतर नसतो. पंधरा मिनिटं द्या.

मग दादाभाई नौरोजी रोडने कमानींच्या खालून चालत हुतात्मा चौक. ऊन लागत नाही, कमानींची सावली असते. चौकात फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले कामगार-शेतकरी. बहुतेक लोक कारंजाचा फोटो काढतात आणि स्मारकाकडे पाठ करतात, तुम्ही मराठी वाचताय तर दोन मिनिटं तिकडं पण उभं राहा. तिथून डावीकडे आत गेलं की हॉर्निमन सर्कलची बाग आणि समोर एशियाटिकच्या पांढऱ्या पायऱ्या, १८३३ चा टाऊन हॉल तो. तीस पायऱ्या आहेत, वरच्या पायरीवर बसायचं आणि खाली बघायचं, प्री-वेडिंग शूटवाले जोडीने येतात, नवरा घाघरा उचलून धरतो, फुकटचं करमणुकीचं साधन.

पुढं काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, १९५२ पासूनची. मला चित्रातलं फार कळत नाही, पण बरेचदा चित्रकार स्वतः तिथंच कोपऱ्यात बसलेला असतो, आणि एकटं माणूस निवांत बघतंय म्हटल्यावर उठून बोलायला येतो, ग्रुपने गेलं की नाही येत. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी खुलं, आत दोन तास जातात. सगळं बघायला जाऊ नका, एक मजला निवडा आणि बाकीचं पुढच्या वेळी. एकट्याचा हाच फायदा की "चला ना आता, भूक लागली" म्हणणारं कुणी नसतं.

काळा घोडा म्हणतात तो मूळचा घोडा तिथं आता नाहीये बरं का. एडवर्ड राजाचा पुतळा होता तो, १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. आता जो बिनस्वाराचा घोडा दिसतो तो २०१७ चा. मूळचा उद्या भेटेल.

दुपारी गेटवे. इथं मला फार काही वाटत नाही, गर्दी, कबुतरं आणि फोटोवाले. सोमवार नसेल आणि सकाळीच पोचलात तर एलिफंट्याची लाँच घ्या, तासभर जायला, शंभरावर पायऱ्या, आणि ती वीसेक फुटांची त्रिमूर्ती. लाइफ जॅकेट दिलं की घालायचं, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढायचं नाही. पण मग फोर्ट दुसऱ्या दिवशी ढकला, एका दिवसात दोन्ही केलं की काहीच धड होत नाही.

संध्याकाळी ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही मिळून यादीत घेतलं. मधे दहा-बारा क्रिकेटच्या मॅचा एकाच वेळी, ह्याचा फील्डर त्याच्या पिचवर. तिथून पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह.

आणि इथं खरं सांगते, संध्याकाळी सात ते आठ हा एकट्या माणसाचा अवघड तास. कठड्यावर नजर जाईल तिथपर्यंत जोड्या, कॉलेजचे घोळके, कुणाचा तरी वाढदिवस. पहिल्यांदा मी दहा मिनिटांत उठले आणि रूमवर जाऊन घरी फोन लावला. आता काय करते, पाच-साडेपाचलाच जाऊन बसते, शेंगदाण्याचा कोन घेते, सूर्य बुडेपर्यंत बसते आणि दिवे लागले की उठते. साडेसातला चर्चगेटसमोर के. रुस्तमचं आइस्क्रीम, दोन पातळ बिस्किटांच्या मधे जाड चौकोनी वडी, ती वितळायच्या आत खायची घाई एवढी असते की उदास व्हायला वेळच नसतो.

एकट्याने जेवायचं कसं

इराण्याकडून सुरुवात करा. धोबी तलावला कयानी आहे, १९०४ सालचं. टेबल रिकामं असायची वाट बघायची नाही, चार खुर्च्यांपैकी एक मोकळी दिसली की बसलेल्याला मानेनेच विचारायचं आणि बसायचं. कुणी बोलायला येत नाही, कुणी उठून पण जात नाही. ब्रून मस्का म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, तो चहात बुडवूनच खायचा, नुसता चावला तर टाळू सोलून निघते, हे माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी न बोलता करून दाखवलं, मी कोरडाच चावत होते, त्यांनी स्वतःचा तुकडा माझ्याकडे बघत सावकाश बुडवला.

दुपारचं जेवण मी माटुंग्याला करते, सेंट्रलच्या. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर आलं की रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं, सोमवारी बंद. आधी कूपन घ्यायचं, मग रांग. इथं "एक" म्हणा जोरात. मोठ्या फॅमिल्या टेबल रिकामं व्हायची वाट बघत बाकावर बसलेल्या असतात आणि आतला माणूस ओरडतो, "सिंगल कोणेय सिंगल?", हात वर केला की तुम्ही थेट आत. वीस मिनिटं थांबलेल्या लोकांच्या देखत आत जाताना जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. केळीचं पान, सांबार, रसम, भाज्या, वाढणारे धावत असतात, नको असेल तर हात आडवा धरायचा, तोंडाने नको म्हणेपर्यंत भात पडलेला असतो. जेवण झालं की उठायचं, गप्पा मारत बसायची जागा नाही ती.

बाकी वडापाव तर कुठंही. एक नियम पाळा, जिथं ऑफिसचे लोक उभे राहून खातायत तिथं खा, जिथं मेन्यूवर फोटो आहेत तिथं नको. पाणी बाटलीचं. दिवसाचा माझा खाण्या-फिरण्याचा खर्च सहाशेच्या वर जात नाही, आणि मी काही कमी खात नाही.

दुसरा दिवस: भायखळा, दादर

सकाळी सहाला उठायची तयारी असेल तर दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर फुलबाजार. झेंडूचे डोंगर, ओले पाय, डोक्यावर पाट्या घेऊन पळणारी माणसं, वाटेत मधे उभं राहून फोटो काढू नका, शिव्या बसतात आणि बरोबरच आहे. एक गजरा घ्या, दिवसभर वास येतो.

मग भायखळा, पूर्वेला. राणीबाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पेंग्विन बघायला पोरांची झुंबड असते, असू दे. आपला कालचा काळा घोडा इथं आहे, वर एडवर्ड राजासकट. आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात एक दगडी हत्ती आहे, तोच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं. म्हणजे घोडा काळा घोड्याला नाही आणि हत्ती एलिफंट्याला नाही, दोघं भायखळ्यात शेजारी. म्युझियम १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, आत जुन्या मुंबईची छोटी छोटी मातीची माणसं केलीयेत, प्रत्येक जातीधंद्याची पगडी वेगळी, त्या कपाटासमोर मी अर्धा तास असते. दुरुस्तीला मधे बंद होतं, तेव्हा जायच्या आधी चालू आहे ना बघून घ्या.

दुपारनंतर दादर. आणि आता माझा सगळ्यात लाडका सल्ला: एकट्याने नाटक बघा. शनिवार-रविवारी पेपरात जाहिराती असतात, दादरला शिवाजी मंदिर, माटुंग्याला यशवंत, प्रभादेवीला रवींद्र, पार्ल्याला दीनानाथ. खिडकीवर जायचं, बुकिंगवाला प्लॅन दाखवतो, आणि हाऊसफुल्लच्या काठावर आलेल्या प्रयोगाला पण पुढच्या रांगांत एखादी सुटी सीट राहिलेली असते, दोघांना ती कामाची नसते. मला एकदा दुसऱ्या रांगेत मधोमध मिळाली, प्रयोगाच्या वीस मिनिटं आधी. इंटरव्हलला शिवाजी मंदिरचा बटाटावडा, गर्दीत कोपर मारून घ्यावा लागतो. शेजारी बसलेल्या काकूंनी मला विचारलं, एकटीच आलीस का गं, मी म्हटलं हो, सोलापूरहून. तर म्हणाल्या, "मी पण एकटीच, गिरगावातून. ह्यांना झोप येते नाटकात." मग दुसऱ्या अंकानंतर आम्ही दोघींनी एकदमच नाक पुसलं.

नाटकाआधी वेळ असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा. मैदानाभोवती सलग बसायची जागा, आजोबा लोक, नेट प्रॅक्टिस, कुत्री. तिथं एकटं बसलेलं कुणी विचित्र वाटत नाही, उलट निम्मे तसेच असतात. वाट चुकलीच तर मराठीत विचारा, आपल्याकडचे लोक मुंबईत उतरल्या उतरल्या हिंदी का सुरू करतात मला कळत नाही, दादा म्हणा, ताई म्हणा, समोरचा हिंदीत बोलला तर मग बघू.

परतीची गाडी

नाटक साडेतीन-चारचं घ्या, रात्रीचं घेतलं की गाडीच्या धास्तीने शेवटचा प्रवेश घड्याळात जातो. दादरला पण बऱ्याच गाड्या थांबतात पण मी सीएसएमटीहूनच चढते, बॅग तिथं असते. क्लोक रूमची पावती पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, एकदा मी ती पावती समजून नाटकाचं तिकीट दिलं होतं आणि तो माणूस म्हणाला, "मॅडम, नाटक कसं होतं ते सांगा, बॅग नंतर देतो." सीएसएमटीला लोकलचे प्लॅटफॉर्म १ ते ७, लांबच्या गाड्या त्याच्या पुढं १८ पर्यंत, आणि शेवटच्या प्लॅटफॉर्मांपर्यंत बॅग घेऊन चालायला चांगली दहा मिनिटं जातात, तेव्हा अर्धा तास आधी पोचा. पाण्याची बाटली आणि एक वडापाव आधीच घेऊन ठेवा. खिडकीची सीट मिळाली असेल आणि समोर नवरा-बायको असतील तर ते "जरा बदलता का, तुम्ही एकट्याच आहात ना" म्हणून विचारणार, विचारतातच. मी देत नाही.